एकच रक्त, वेगवेगळे आकडे : तपासणी अहवालांतील एककांचा उलगडा

उपाशीपोटी घेतलेल्या रक्तातील साखर पुण्यातील प्रयोगशाळेने १२६ आणि लंडनमधील प्रयोगशाळेने ७.० अशी नोंदवली, तरी दोघींपैकी कोणीही चुकलेले नसते. रक्त तेच, साखर तीच. बदललेले असते ते केवळ मोजण्याचे एकक. शाळेत ‘एकक लिहिले नाही’ म्हणून अर्धा गुण कापला जात असे, तेव्हा तो जाच वाटला असेल. परंतु दोन देशांत विभागलेल्या कुटुंबात आरोग्याचा विचार करताना आकड्यापुढील ती बारीक अक्षरे आकड्याइतकीच महत्त्वाची ठरतात.

परदेशस्थ मराठी कुटुंबांत असा प्रसंग वारंवार येतो. गावाकडून आईवडिलांच्या अहवालाचे छायाचित्र भ्रमणध्वनीवर येते आणि मुलगा किंवा सून ते आपल्या ओळखीच्या आकड्यांशी ताडून पाहते. आईवडील काही महिन्यांसाठी इकडे येतात, तेव्हा येथील डॉक्टरांसमोर तिकडची जाडजूड फाइल ठेवावी लागते. कोणी दुबईहून टोरांटोला, कोणी ह्यूस्टनहून मँचेस्टरला बदलीवर जातो आणि दहा वर्षांच्या नोंदींची सलग मालिका मध्येच तुटल्यासारखी दिसते. अशा वेळी निष्कारण घाबरणे किंवा निष्कारण निर्धास्त राहणे, दोन्ही शक्य असते. म्हणूनच या एककांमागील तर्क एकदा नीट समजून घेणे हिताचे आहे.

वजन की संख्या?

आंबे दोन प्रकारे विकले जातात. रत्नागिरी-देवगडचा हापूस परंपरेने डझनावर आणि पेटीवर विकला जातो. तोच आंबा शहरातल्या मोठ्या दुकानात किलोवर मिळतो. आंबा तोच असला तरी एक विक्रेता संख्या सांगतो आणि दुसरा वजन. रक्ततपासणीतील दोन प्रमुख पद्धतींमधील भेद नेमका हाच आहे.

भारतात आणि अमेरिकेत रक्तशर्करा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये सांगतात. डेसिलिटर म्हणजे लिटरचा दहावा भाग, अर्थात १०० मिलिलिटर. एवढ्या द्रवात किती मिलिग्रॅम ग्लुकोज आहे, हे तो आकडा सांगतो. ही झाली वजनाची पद्धत. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथे मिलिमोल प्रति लिटर हे एकक वापरतात. ‘मोल’ हा रसायनशास्त्राचा डझन आहे. डझनात १२ वस्तू असतात; एका मोलमध्ये साधारण ६ वर २३ शून्ये इतके कण असतात. मिलिमोल हा त्याचा हजारावा भाग. ही झाली संख्येची पद्धत. आखाती देशांत दोन्ही पद्धतींचे अहवाल पाहायला मिळतात.

वजनावरून संख्या काढायची, तर एका नगाचे वजन माहीत हवे. ग्लुकोजचा रेणुभार सुमारे १८० आहे. म्हणजे एक मिलिमोल ग्लुकोजचे वजन १८० मिलिग्रॅम भरते. लिटरमध्ये १८० मिलिग्रॅम, म्हणजे डेसिलिटरमध्ये १८. म्हणून ग्लुकोजच्या बाबतीत १ मिलिमोल प्रति लिटर म्हणजे १८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. १२६ ला १८ ने भागले की ७ येतात, ते यामुळे.

येथेच एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. एक डझन आंब्यांचे वजन आणि एक डझन कलिंगडांचे वजन सारखे नसते. तसेच प्रत्येक पदार्थाचा रेणुभार वेगळा असल्याने प्रत्येक चाचणीचा गुणक वेगळा असतो. साखरेचा १८ हा आकडा कोलेस्टेरॉलला लावून चालत नाही. ‘भारतीय आकड्याचे ब्रिटिश आकड्यात रूपांतर’ करणारा एकच सार्वत्रिक नियम अस्तित्वात नाही.

जग दोन पद्धतींत का विभागले गेले?

वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९७१ मध्ये मोलला आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीतील सातवे मूलभूत एकक म्हणून मान्यता दिली. शरीरातील रासायनिक क्रिया वजनाने नव्हे, तर रेणूंच्या संख्येने चालतात. इतक्या रेणूंशी इतके रेणू जुळतात, असा तो हिशेब असतो. त्यामुळे वैद्यकातही संख्येचीच भाषा असावी, असा विचार बळावला. १९७७ मध्ये जागतिक आरोग्य सभेने वैद्यकीय क्षेत्रात आंतरराष्ट्रीय एकक पद्धती स्वीकारण्याची शिफारस केली. ब्रिटनमधील प्रयोगशाळा सत्तरच्या दशकातच त्या वाटेने निघाल्या होत्या.

अमेरिकेत मात्र हा बदल रुजला नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तेथील प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांनी नव्या एककांचा पुरस्कार करून पाहिला. परंतु रुग्णाच्या उशाशी उभ्या असलेल्या डॉक्टरांच्या डोक्यातील आकडे जुनेच राहिले. अखेर १९९२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने माघार घेऊन रूढ एककांकडे परतणे पसंत केले. या निर्णयामागे आळस नव्हता. ज्या आकड्यावर डॉक्टरांची नजर बसलेली आहे तो एका रात्रीत बदलला, तर उपचारात चूक होण्याचा धोका असतो, ही चिंता खरी होती. भारतातील प्रयोगशाळांतही वजनाचीच पद्धत प्रचलित राहिली.

रक्तशर्करा : सर्वाधिक जोखमीचा आकडा

नेहमी लागणारे टप्पे लक्षात ठेवणे सोपे आहे. ७० म्हणजे ३.९; त्याखाली साखर कमी झाल्याचे मानतात. ५४ म्हणजे ३.०; ही गंभीर घट होय. १०० म्हणजे ५.६. उपाशीपोटी १२६, अर्थात ७.० किंवा अधिक असणे हा मधुमेहाच्या निदानाचा निकष आहे, आणि एरवी तो दुसऱ्या चाचणीने पडताळून घेतात. २०० म्हणजे ११.१.

मनातल्या मनात रूपांतर करण्याची एक सोपी रीत आहे. मिलिमोलचा आकडा दुप्पट करावा, त्यातून त्याचा दहावा हिस्सा वजा करावा आणि उत्तराला १० ने गुणावे. ७ ची दुप्पट १४, त्यातून १.४ वजा केले की १२.६, म्हणजे १२६. ही अठराने गुणण्याचीच वेगळी वाट आहे.

धोका कोठे आहे, तेही पाहू. समजा, मधुमेह असलेले वडील ब्रिटनमध्ये मुलीकडे आले आहेत. त्यांना चक्कर आली आणि घरातील ग्लुकोमीटरवर २२.० असा आकडा दिसला. ज्यांची नजर आयुष्यभर भारतीय आकड्यांवर बसलेली आहे त्यांना वाटेल की साखर २२ पर्यंत घसरली, ताबडतोब साखरपाणी द्यायला हवे. प्रत्यक्षात ती ३९६ असते आणि साखरपाणी म्हणजे आगीत तेल. याच्या उलट, भारतातून आणलेल्या यंत्रावर दिसलेला ५४ हा आकडा मिलिमोलची सवय असलेल्या माणसाला प्रचंड वाढीचा वाटू शकतो. वस्तुतः त्या क्षणी रुग्णाला साखर देणे निकडीचे असते.

यावर एक साधी खूण उपयोगी पडते. मिलिमोल दाखवणारे यंत्र दशांश चिन्हासह आकडा दाखवते, तर मिलिग्रॅम दाखवणारे यंत्र पूर्णांक दाखवते. परंतु पडद्यावरचा अंधुक ठिपका नजरेतून निसटला की ५.६ चे ५६ होतात. जर्मनीसारख्या देशांत दशांशासाठी ठिपक्याऐवजी स्वल्पविराम लिहितात, हेही ध्यानात असावे. म्हणून वडीलधाऱ्यांनी परदेशी येताना आपले नेहमीचे यंत्र आणि पुरेशा पट्ट्या सोबत आणाव्यात. येथे नवे यंत्र घेतलेच, तर त्यावर एककाची ठळक चिठ्ठी चिकटवून ठेवावी.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणखी एक बाब कधीही विसरू नये. ती रक्ततपासणीची नसली तरी एककांचीच आहे. भारतात कुपीतील इन्सुलिन बऱ्याचदा दर मिलिलिटरला ४० युनिट या तीव्रतेचे असते. ब्रिटन-अमेरिकेत दर मिलिलिटरला १०० युनिट हे प्रमाण रूढ आहे. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या असतात. १०० च्या कुपीतील औषध ४० च्या सिरिंजने खुणेपर्यंत भरले, तर अडीचपट मात्रा शरीरात जाते. म्हणून ज्या देशातील कुपी, त्याच मापाची सिरिंज, हा नियम घरात सर्वांना ठाऊक असला पाहिजे.

तीन महिन्यांची सरासरी : टक्के आणि मिलिमोल प्रति मोल

एचबीए१सी ही चाचणी मागील दोन-तीन महिन्यांतील साखरेच्या सरासरी पातळीचा अंदाज देते. भारत आणि अमेरिका येथे तिचे उत्तर टक्क्यांत असते. ब्रिटनमध्ये २००९ पासून काही काळ दोन्ही आकडे छापले जात होते. २०११ पासून तेथे मिलिमोल प्रति मोल हेच एकक रूढ झाले. येथे साध्या भागाकाराने काम भागत नाही. टक्केवारीतून २.१५ वजा करून उरलेल्याला १०.९३ ने गुणले की ब्रिटिश आकडा मिळतो. आरंभी काहीतरी वजा करावे लागते, कारण दोन पद्धती नेमका एकच पदार्थ मोजत नाहीत. जुन्या पद्धतीत मुख्य पदार्थासोबत इतर काही घटकही मोजले जात. नवी संदर्भ पद्धत अधिक काटेकोर आहे.

काही जोड्या पाठ असाव्यात : ५.७ टक्के म्हणजे ३९, ६.० म्हणजे ४२, ६.५ म्हणजे ४८, ७.० म्हणजे ५३, ८.० म्हणजे ६४. मधुमेहाच्या निदानाचा उंबरठा दोन्हीकडे एकच, ६.५ टक्के अर्थात ४८, आहे. मधुमेहपूर्व अवस्थेची सुरुवात मात्र अमेरिकेत ५.७ टक्क्यांपासून, तर ब्रिटनमध्ये ४२ पासून, म्हणजे ६ टक्क्यांपासून मानतात. त्यामुळे ५.८ टक्के असलेली व्यक्ती न्यू जर्सीत ‘मधुमेहपूर्व’ ठरते आणि लेस्टरमध्ये ठरत नाही. हा भेद एककाचा नसून व्याख्येचा आहे. एककाचे रूपांतर करता येते, पण व्याख्येचे करता येत नाही. ती त्या त्या देशातील डॉक्टरांकडूनच समजून घ्यावी लागते.

कोलेस्टेरॉल आणि त्याचे सोबती

एकूण कोलेस्टेरॉल, एलडीएल आणि एचडीएल यांचा मिलिग्रॅममधील आकडा ३८.७ ने भागला की मिलिमोल मिळतात. २०० म्हणजे ५.२, एलडीएलचे १०० म्हणजे २.६ आणि ७० म्हणजे १.८. त्याच कागदावर पुढच्याच ओळीत छापलेल्या ट्रायग्लिसराइडचा भाजक मात्र ८८.६ आहे, कारण तो रेणू दुपटीहून जड आहे. १५० म्हणजे १.७. संगणकावर स्वतःचा तक्ता बनवणारे पुष्कळ जण नेमके येथे फसतात. ‘लिपिड’ या एका मथळ्याखाली सगळे आले म्हणून सर्वांना एकच भाजक लावतात.

एकूण कोलेस्टेरॉल आणि एचडीएल यांचे गुणोत्तर मात्र दोन्ही पद्धतींत सारखेच येते, कारण अंश आणि छेद दोन्हींना एकच भाजक लागतो. दोन देशांतील अहवालांची घाईत तुलना करायची असेल, तर हे गुणोत्तर हाताशी धरण्याजोगे आहे.

मूत्रपिंड : एका स्थितीचे तीन आकडे

क्रिएटिनिनच्या बाबतीत आकड्यांचे रूपच पालटते. भारतीय अहवालातील १.० हा आकडा ब्रिटनमध्ये ८८ होऊन येतो, कारण तेथे तो मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये मोजतात आणि गुणक ८८.४ आहे. ‘कालपर्यंत एक होते, आज अठ्ठ्याऐंशी कसे?’ असा धसका घेण्याचे कारण नाही. मात्र १.४ वरून १२४ झाले तर त्यात बिघाड वाढलेला नाही, हे जसे खरे, तसेच १.० वरून १२४ झाले तर तो बदल डॉक्टरांना दाखवण्याजोगा आहे, हेही खरे.

युरियाच्या नोंदीत आणखी एक गुंता आहे. अमेरिकेत युरियाचे नव्हे, तर युरियातील केवळ नायट्रोजनचे वजन सांगण्याची प्रथा आहे. भारतात काही प्रयोगशाळा पूर्ण युरिया मोजतात, काही नायट्रोजन. ब्रिटनमध्ये युरिया मिलिमोलमध्ये सांगतात. त्यामुळे एकाच रक्ताची नोंद अमेरिकेत १४, भारतात ३० आणि ब्रिटनमध्ये ५ अशी होऊ शकते, आणि तिन्ही बरोबर असतात. नायट्रोजनच्या आकड्याला २.१४ ने गुणले की पूर्ण युरियाचे वजन मिळते. त्याला ६ ने भागले की मिलिमोल मिळतात. १४ आणि ३० या दोन्ही आकड्यांपुढे एकक एकच, मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, असते. म्हणजे केवळ एकक वाचून भागत नाही. चाचणीचे पूर्ण नावही वाचावे लागते.

मूत्रपिंडाची गाळण्याची अनुमानित क्षमता मात्र सर्वत्र मिलिलिटर प्रति मिनिट, १.७३ चौरस मीटर शरीरपृष्ठामागे, अशीच देतात. देश बदलताना मूत्रपिंडाचा प्रवास समजून घ्यायचा, तर हा आकडा अधिक सोयीचा. तोही क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून सूत्राने काढलेला असतो, आणि सूत्र बदलले की आकडाही थोडा बदलतो.

लाख, हजार आणि अब्ज

डेंग्यूच्या दिवसांत महाराष्ट्रातील घराघरांत ‘प्लेटलेट किती?’ हा प्रश्न विचारला जातो आणि उत्तर लाखांत येते. भारतीय अहवालात १.५ लाख प्रति घन मिलिमीटर असे लिहिलेले असते. अमेरिकेत तोच आकडा १५० हजार प्रति मायक्रोलिटर होतो आणि ब्रिटनमध्ये १५० गुणिले १० चा नववा घात प्रति लिटर. घन मिलिमीटर आणि मायक्रोलिटर ही एकाच आकारमानाची दोन नावे आहेत. त्यामुळे येथे केवळ शून्यांची मांडणी बदलते. ‘प्लेटलेट ९० आहेत’ असे येथील रुग्णालयाने सांगितले, तर त्याचा अर्थ ९० हजार, म्हणजे ०.९ लाख, असा घ्यायचा. पांढऱ्या पेशींचेही तसेच : भारतातील ७,५०० म्हणजे ब्रिटनमधील ७.५.

हिमोग्लोबिनच्या बाबतीत ब्रिटनने २०१३ च्या सुमारास ग्रॅम प्रति डेसिलिटर सोडून ग्रॅम प्रति लिटर हे एकक स्वीकारले. १२ चे १२० झाले, इतकेच. जुना ब्रिटिश अहवाल आणि नवा ब्रिटिश अहवाल यांतही म्हणूनच दहापटीचा फरक दिसतो.

दहापटीचा हाच फरक इतरत्र मात्र घातक ठरू शकतो. दाह दर्शवणारी सीआरपी ही चाचणी काही ठिकाणी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये, तर काही ठिकाणी मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात. ८ मिलिग्रॅम प्रति लिटर ही किरकोळ वाढ. ८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे ८० मिलिग्रॅम प्रति लिटर, जी गांभीर्याने पाहावी लागते. हृदयस्नायूच्या इजेसाठी मोजल्या जाणाऱ्या ट्रोपोनिनमध्ये हा फरक हजारपटीचा असतो : ०.०१४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे १४ नॅनोग्रॅम प्रति लिटर. कोविडच्या काळात घरोघरी पोहोचलेली डी-डायमर ही चाचणी तर दोन अंगांनी फसवते. ५०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर हे एकच. शिवाय ती फायब्रिनोजेनच्या हिशेबाने मोजली की डी-डायमरच्या, यावर आकडा साधारण दुप्पट किंवा निम्मा होतो. अशा चाचणीत ‘किती आले?’ या प्रश्नाला एकक आणि प्रकार सांगितल्याशिवाय काहीच अर्थ नसतो.

जीवनसत्त्वे आणि संप्रेरके

ड जीवनसत्त्व भारतात आणि अमेरिकेत नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, तर ब्रिटनमध्ये नॅनोमोल प्रति लिटरमध्ये मोजतात. पहिल्या आकड्याला २.५ ने गुणले की दुसरा मिळतो : २० म्हणजे ५०, ३० म्हणजे ७५. ब्रिटनमधील ३० हा आकडा पाहून ‘तिकडेही तीसच होते’ असे समाधान मानू नये. तो भारतीय हिशेबात १२ आहे.

याच जीवनसत्त्वाची मात्रा मात्र आंतरराष्ट्रीय एककांत किंवा मायक्रोग्रॅममध्ये लिहितात. ४० एकके म्हणजे १ मायक्रोग्रॅम. भारतात मिळणारी ६०,००० एककांची पुडी १,५०० मायक्रोग्रॅमची असते आणि ती सहसा आठवड्यातून एकदा घ्यायची असते. ब्रिटनमध्ये सर्वसाधारणपणे सुचवली जाणारी रोजची मात्रा १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० एकके आहे. गावाहून आणलेली पुडी ‘जीवनसत्त्वच तर आहे’ म्हणून रोज घेतली, तर रक्तातील कॅल्शियम धोकादायक पातळीवर जाऊ शकते.

थायरॉइडच्या तपासणीत टीएसएचचा आकडा मायक्रोयुनिट प्रति मिलिलिटर आणि मिलियुनिट प्रति लिटर या दोन्ही एककांत तोच राहतो. मुक्त टी४ मात्र बदलतो; नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आकड्याला सुमारे १२.९ ने गुणले की पिकोमोल प्रति लिटर मिळतात. फेरिटिनसाठी नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि मायक्रोग्रॅम प्रति लिटर हे एकच. सोडियम व पोटॅशियम यांचे मिलिइक्विव्हॅलंट आणि मिलिमोलही एकच. कॅल्शियमला मात्र तो नियम लागू नाही.

जेथे गुणाकार कामी येत नाही

यकृताच्या तपासणीत एएलटी, एएसटी यांसारखी विकरे मोजतात. तेथे विकराचे वजन किंवा संख्या मोजली जात नाही. त्याच्या कामाचा वेग मोजला जातो. मिनिटाला एक मायक्रोमोल पदार्थाचे रूपांतर करणारी क्षमता म्हणजे एक युनिट. तो वेग तापमानावर आणि वापरलेल्या रसायनांवर अवलंबून असतो. म्हणून दोन प्रयोगशाळांचे एकक एकच असूनही आकड्यांत आणि त्यांच्या मर्यादांत फरक पडू शकतो.

लायपोप्रोटीन-ए हे दुसरे उदाहरण. दक्षिण आशियाई कुटुंबांतील हृदयविकाराच्या चर्चेत हे नाव आता ऐकू येते. या कणातील एका प्रथिनाचा आकार माणसागणिक बदलतो. म्हणून सर्वांना लागू पडेल असा रेणुभारच नाही. मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आणि नॅनोमोल प्रति लिटर यांच्यात नेमके रूपांतर करता येत नाही. ठरावीक गुणक वापरणारी संकेतस्थळे येथे केवळ ढोबळ अंदाज देतात.

हा प्रश्न सुटू शकतो, याचेही एक चांगले उदाहरण आहे. रक्त पातळ ठेवणारे वॉरफॅरिन घेणाऱ्यांची गोठणकाल चाचणी पूर्वी वापरलेल्या अभिकारकाप्रमाणे वेगवेगळी उत्तरे देत असे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये त्यासाठी प्रमाणित गुणोत्तराची पद्धत पुढे आणली. तेच आजचे आयएनआर. त्याला एकक नाही. म्हणून त्यातील २.५ हा आकडा नाशिकमध्ये आणि शिकागोत त्याच अर्थाने वाचता येतो.

‘सामान्य’ म्हणजे काय?

प्रत्येक आकड्यापुढे छापलेली संदर्भ मर्यादा बहुधा निरोगी माणसांच्या मोठ्या गटातील मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे पाहून ठरवलेली असते. याचा सरळ अर्थ असा की निरोगी माणसांपैकीही वीसातला एक त्या मर्यादेबाहेर पडतो. परस्परांशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या एकदम केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाचाही किमान एक आकडा ठळक अक्षरांत छापून येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. भारतात लोकप्रिय असलेल्या ‘संपूर्ण शरीर तपासणी’च्या योजनांत अनेक चाचण्या एकत्र असतात, तेथे एखादे लाल चिन्ह दिसणे हे अपेक्षितच आहे.

उलटपक्षी, साखर आणि कोलेस्टेरॉल यांच्या मर्यादा लोकांच्या सरासरीवरून नव्हे, तर पुढील आजाराच्या जोखमीवरून ठरतात. तेथे ‘आमच्याकडे सगळ्यांचेच इतके असते’ हा दिलासा खरा नाही.

व्यवहारात काय करावे?

अहवाल पाठवताना केवळ आकडा न सांगता संपूर्ण पान पाठवावे. त्यात चाचणीचे नाव, एकक, त्याच प्रयोगशाळेची संदर्भ मर्यादा, नमुना घेतल्याची तारीख आणि उपाशीपोटी होता की नाही, हे सारे दिसले पाहिजे. जुन्या नोंदींचा तक्ता करताना मूळ आकडा आणि मूळ एकक कधीही पुसू नये; रूपांतरित आकडा शेजारच्या वेगळ्या रकान्यात लिहावा. पुण्यातील आकडा लंडनच्या मर्यादेशी थेट ताडू नये; प्रत्येक आकडा प्रथम त्याच्याच कागदावरील मर्यादेशी ताडून पाहावा. आजाराचा कल पाहायचा असेल, तर शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासणी करावी.

आईवडील प्रवासाला निघण्यापूर्वी त्यांच्या महत्त्वाच्या चाचण्यांचे एक पान तयार करून त्यावर दोन्ही एककांतील आकडे लिहून ठेवावेत आणि त्यांच्या डॉक्टरांकडून ते एकदा तपासून घ्यावे. रात्री-अपरात्री रुग्णालयात जाण्याची वेळ आली, तर तेथील परिचारिकेला जाड फाइलपेक्षा ते एक पान अधिक उपयोगी पडेल. दूरध्वनीवर कोणी ‘साखर बावीस आली’ असे सांगितले, तर उपाय सुचवण्याआधी ‘कोणत्या यंत्रावर, कोणत्या एककात?’ हे विचारावे. तेवढ्या एका प्रश्नाला दहा सेकंद लागतात, आणि साखरपाणी द्यायचे की रुग्णवाहिका बोलवायची, हे त्याच्या उत्तरावर ठरते.